तारेचा वेग आणि यंत्रकारांची धांव

पूर्णेहून हिंगोलीस जाणारा लोहमार्ग १९१२ सालीं सुरू झाला, तेव्हां तो मीटर गेजचा होता. पुढें तो वाशीम-अकोल्याकडे वाढून खांडव्यास जाऊन मिळाला, आणि जवळजवळ शंभर वर्षें हिंगोलीचा कापूस आणि हिंगोलीचीं माणसें त्याच अरुंद रुळांवरून गेलीं-आलीं. २००८ मध्यें पूर्णा-अकोला हा मार्ग ब्रॉड गेज झाला. जुने रूळ उखडले गेले, पुलांची व फलाटांची डागडुजी करावी लागली. आणि ज्या जातीच्या इंजिनांनीं तीन पिढ्यांची ने-आण केली, त्यांना त्या मार्गावर पुन्हां येण्याची सोय उरली नाहीं. मार्ग रुंद झाला म्हणजे प्रवाशाची सोय होते, हें सर्वांना दिसतें. परंतु अरुंद मार्गाचीं वाहनें घडविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्या कारखान्यांचें काय होतें, याचा विचार फलाटावर उभा राहून सहसा कोणी करीत नाहीं.

संदेशाच्या मार्गालाहि असेंच गेज असतें. तारायंत्राची लोखंडी तार, दूरध्वनीची तांब्याची जोडतार, आणि आतां कांचेचा तंतु, असा हा मार्ग पावणेदोनशें वर्षांत रुंद होत आला. लोहमार्गाचें गेज शतकांत एकदां बदललें. संदेशमार्गावरील यंत्रांची पिढी अलीकडे सात-आठ वर्षांतच जुनी होते. अशा स्थितींत एक्सचेंज, मॉडेम, स्विच आणि राऊटर घडविणारे कारखाने या वेगाबरोबर टिकतील काय, असा प्रश्न मुंबईच्या भांडवलबाजारांत वारंवार विचारला जातो. तेथें त्याचें उत्तर समभागांच्या भावांत मिळतें. हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत तें उत्तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बसविलेल्या पेटींतील दिवा लागतो कीं नाहीं, यावरून मिळतें. आणि तें अधिक विश्वसनीय असतें.

हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून निराळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पांच तालुके. २०११ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ भरली, आणि दहा माणसांतील आठांहून अधिक माणसें खेड्यांत राहणारीं होतीं. निजामाच्या राज्यांत हिंगोली शहरास महत्त्व होतें तें हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीमुळें. १९०३ मध्यें ती छावणी उठली आणि कापसाची पेठ तेवढी मागें राहिली. संत नामदेवांची नरसी आणि औंढ्याचा नागनाथ यांच्या ओढीनें बाहेरचीं माणसें या मुलखांत शतकानुशतकें येत राहिलीं. परंतु तारेच्या नकाशावर हा मुलूख नेहमींच एका टोकास पडला. यंत्रकाराच्या दृष्टीनें असें टोक मोठें मोलाचें असतें. शहरांत कसेंबसें निभावणारें यंत्र येथें उघडें पडतें. वीज केव्हांहि जाते, उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या पुढें चढतो, दुरुस्तीचा माणूस तालुक्याहून यावा लागतो, आणि काळी जमीन पावसाळ्यांत फुगून उन्हाळ्यांत फाटते.

वेगवान मार्ग आला असतां जुन्या मार्गाच्या धन्यांनीं काय केलें, याचें महाराष्ट्रांतील पहिलें ठळक उदाहरण मात्र पुण्याजवळील खडकीचें आहे. १८७० मध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजानें मुंबईहून एडनच्या दिशेनें समुद्राच्या तळाशीं तार सोडली, आणि पुढें पन्नासांहून अधिक वर्षें मुंबई-लंडन संदेशांवर समुद्री तारांच्या कंपन्यांचें वर्चस्व राहिलें. १९२७ मध्यें खडकी येथें संदेश धाडणारें आणि दौंड येथें संदेश घेणारें अशीं दोन बिनतारी केंद्रें चालू झालीं. लघुलहरी चोहोंकडे न उधळतां एकाच दिशेस झोतासारख्या सोडण्याची युक्ति मार्कोनी कंपनीनें सिद्ध केली होती. तिला ‘बीम’ पद्धति म्हणत. पूर्वीच्या दीर्घलहरींना लागणारे प्रचंड मनोरे व तितकीच प्रचंड विद्युच्छक्ति यांची आतां गरज उरली नाहीं. शब्दामागचा दर उतरला, आणि समुद्री तारांचें गिऱ्हाईक कांहीं महिन्यांतच या नव्या मार्गाकडे वळूं लागलें.

समुद्री तारांच्या कंपन्यांजवळ पैसा होता, जहाजें होतीं, तारेची दोन पिढ्यांची विद्या होती. तरीहि त्या नव्या विद्येच्या मागें लागल्या नाहींत. त्यांनीं सरकारचें दार ठोठावलें. १९२८ मध्यें लंडनमध्यें साम्राज्याची तार-बिनतारी परिषद भरली. युद्धप्रसंगीं शत्रूस ऐकूं न जाणारी समुद्री तार हाताशीं असलीच पाहिजे, हा मुद्दा तेथें वजनदार ठरला, आणि १९२९ मध्यें तार व बिनतारी हे दोन्ही उद्योग एका मोठ्या संस्थेंत एकत्र करण्यांत आले. तीच संस्था १९३४ पासून ‘केबल अँड वायरलेस’ या नांवानें प्रसिद्ध झाली. नव्या वेगाशीं जुळवून घेण्याची ही एक रीत झाली: प्रतिस्पर्ध्यालाच आपल्या घरांत आणून बसवावयाचें. पुढें पुष्कळांनीं ती गिरविली.

ज्या मार्कोनी कंपनीनें तारवाल्यांची अशी धांदल उडविली, तिचा स्वतःचा शेवट याहून विलक्षण आहे. १८९७ मध्यें स्थापन झालेली ही कंपनी अनेक हातांतून फिरत ब्रिटनच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे आली. १९९९ मध्यें त्या कंपनीनें आपला युद्धसामग्रीचा धंदा काढून टाकला, ‘मार्कोनी’ हेंच नांव धारण केलें, आणि इंटरनेटच्या तेजींत अमेरिकेंतील यंत्रकार कंपन्या भारी किंमत देऊन विकत घेतल्या. २००१ मध्यें तेजी ओसरली. तरीहि ब्रिटिश टेलिकॉम हें जुनें व खात्रीचें गिऱ्हाईक हातीं होतें. एप्रिल २००५ मध्यें ब्रिटिश टेलिकॉमनें आपल्या नव्या जाळ्यासाठीं यंत्रकार निवडले. त्या यादींत चीनच्या हुआवे कंपनीचें नांव होतें आणि मार्कोनीचें नव्हतें. अडचण मुख्यतः किंमतीची होती. वर्ष सरण्यापूर्वींच मार्कोनीचा मोठा भाग स्वीडनच्या एरिक्सन कंपनीनें घेण्याचें ठरलें. विद्या होती, नांव होतें, यंत्रेंहि होतीं. एक गिऱ्हाईक गेलें आणि कंपनी गेली. चार वर्षांनीं, २००९ च्या जानेवारींत, कॅनडाच्या नॉर्टेलनें दिवाळें काढलें. अमेरिकेची ल्युसेंट २००६ मध्यें फ्रान्सच्या अल्काटेलमध्यें मिसळली होती, तीं दोन्हीं नांवें २०१६ मध्यें फिनलंडच्या नोकियाच्या पोटांत गेलीं.

भारतांतील यंत्रकारांची हकीकत निराळ्या वळणानें गेली, कारण येथें दीर्घकाळ गिऱ्हाईक एकच होतें. तें म्हणजे सरकारचें डाक-तार खातें. १९४८ मध्यें बंगलोर येथें इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ही सरकारी कंपनी निघाली आणि लिव्हरपूलच्या एका कंपनीच्या साहाय्यानें स्ट्रोजर पद्धतीचीं एक्सचेंजें करूं लागली. स्ट्रोजर हा अमेरिकेंतील कॅन्सस शहरीं अंत्यविधीचा धंदा करणारा गृहस्थ. टेलिफोन जोडणारी बाई आपलें गिऱ्हाईक परस्पर दुसऱ्याकडे वळविते या संशयानें त्यानें माणसावांचून चालणारें यंत्र शोधून काढलें, असें सांगतात. त्याचें पेटंट १८९१ चें. एका संशयी माणसाचें हें यंत्र भारतांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतहि टकटक करीत चाललेंच होतें, यावरून या धंद्यांत पूर्वीं काळ किती सावकाश चाले याची कल्पना यावी. अशा काळांत कारखान्यानें एकदां विद्या घेतली कीं कामगाराचें सारें आयुष्य तिच्यावर निघे.

त्यामागून क्रॉसबार पद्धति आली. तिची विद्या बेल्जियमहून घेतलेली होती. युरोपांतील एका टेलिफोनवर दिवसभरांत जितकीं संभाषणें होत, त्या हिशेबानें तीं यंत्रें आंखलेलीं होतीं. भारतांत टेलिफोन थोडे आणि बोलणारे फार. त्यामुळें एकेका तारेवर कितीतरी अधिक भार पडला आणि यंत्रें गोंधळूं लागलीं. दोष धातूचा नव्हता, हिशेबाचा होता. परक्याच्या संवयींवर बेतलेलें यंत्र जसेंच्या तसें उचलून आणल्यास काय होतें, हें डाक-तार खात्यानें तेव्हां पुरतें अनुभवलें.

या अनुभवांतूनच पुढील अध्याय निघाला, आणि भारतीय यंत्रकारांच्या इतिहासांतला तो सर्वांत उजळ अध्याय म्हटला पाहिजे. ऑगस्ट १९८४ मध्यें सॅम पित्रोदा यांच्या पुढाकारानें ‘सी-डॉट’ ही सरकारी संशोधनसंस्था स्थापन झाली. छत्तीस महिन्यांची मुदत आणि छत्तीस कोटी रुपयांची शिदोरी. तिनें मोठ्या शहराचें एक्सचेंज हातीं घेण्यापूर्वीं खेड्याचें घेतलें, हेंच मुळीं त्या काळीं नवल होतें. १२८ जोडांचें हें लहानसें यंत्र जुलै १९८६ मध्यें कर्नाटकांतील कित्तूर येथें सुरू झालें. परदेशी इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजला तेव्हां थंड हवेची बंद खोली लागे. या यंत्राला ती लागत नव्हती; धूळ, ऊन आणि लहरी वीज यांचा विचार त्याच्या आंखणींतच केलेला होता. आणखी एक गोष्ट अशी कीं, ही आंखणी एकाच कारखान्याच्या कपाटांत कुलुपबंद न राहतां परवान्यानें अनेक कारखान्यांना देण्यांत आली. मराठवाड्यासारख्या भागांत तालुक्याच्या गांवापलीकडे टेलिफोन पोंचला, पिवळ्या पाट्यांचीं एसटीडी केंद्रें बसस्थानकांच्या तोंडाशीं दिसूं लागलीं, त्यांत या पिढीच्या यंत्रांचा वांटा मोठा होता. हिंगोलीसारख्या टोकाचा विचार प्रथम करून घडविलेलें यंत्र टोकास टिकतें, हें येथें सिद्ध झालें.

मग ही मंडळी पुढें कां गेली नाहींत? १९९४ च्या दूरसंचार धोरणानें खाजगी कंपन्यांना दार उघडलें आणि ऑगस्ट १९९५ पासून भारतांत भ्रमणध्वनि बोलूं लागला. खाजगी कंपन्यांना यंत्रें हवीं होतीं तीं ताबडतोब, आणि शक्य तर उधारीवर. एरिक्सन, नोकिया, आणि पुढें हुआवे व झेडटीई या कंपन्या यंत्राबरोबर उधारीहि देत होत्या. परवान्यावर चालणाऱ्या भारतीय कारखान्यांजवळ ना भ्रमणध्वनीची आंखणी होती, ना उधारी देण्याची ऐपत. त्यांचें एकमेव गिऱ्हाईक असलेलें सरकारी खातें स्वतःच नव्या स्पर्धेंत गुदमरूं लागलें, आणि त्याच्या मागणीबरोबर हे कारखानेहि एकेक करून मागें पडले. येथें कौशल्य कमी पडलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. तीन वर्षांत खेड्याचें एक्सचेंज उभें करणाऱ्या माणसांना पुढची आंखणी जमली नसती, असें मानण्यास आधार नाहीं. कमी पडला तो गिऱ्हाइकाचा धीर. आजचें यंत्र विकत घेणारा उद्याच्या यंत्राची मागणी आजच नोंदवीत नसेल, तर यंत्रकारानें संशोधनाचा खर्च कोणाच्या भरंवशावर करावा?

ब्रॉडबँड हा शब्द सरकारी कागदांत ठळकपणें आला तो यानंतर. २००४ च्या धोरणांत सेकंदास २५६ किलोबिट वा त्याहून अधिक वेग अशी त्याची व्याख्या होती. २०१३ मध्यें ती ५१२ किलोबिटवर आणि २०२३ मध्यें दोन मेगाबिटवर नेण्यांत आली. २००५ च्या आरंभीं भारत संचार निगमनें टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरूनच ही सेवा देण्यास सुरुवात केली. युक्ति मोठी सुबक होती. मनुष्याचा आवाज तारेवरच्या खालच्या पट्टींत मावतो. वरच्या पट्ट्या रिकाम्याच असतात. मॉडेम त्या वरच्या पट्ट्यांत अक्षरें व चित्रें भरून पाठवितो. मात्र पट्टी जितकी वरची तितकी ती तारेंत लवकर विरते. एक्सचेंजच्या शेजारीं राहणाऱ्यास भरपूर वेग मिळे. चार-पांच किलोमीटरवरच्या वस्तीस त्याचा अंश तेवढा पोंचे. विखुरलेल्या खेड्यांच्या जिल्ह्यांत या युक्तीची मर्यादा नकाशावरच दिसत होती.

तांब्याच्या या काळाशीं दोन जातींच्या यंत्रकारांचें भवितव्य बांधलेलें होतें. पहिली जात तार घडविणारांची. १९५८ मध्यें पुण्यांत सुरू झालेल्या फिनोलेक्सच्या कारखान्यांतून जेली भरलेली टेलिफोनची केबल निघे. तारांच्या जोड्यांमध्यें मेणासारखा पदार्थ भरलेला असला म्हणजे जमिनींतील पाणी आंत शिरत नाहीं. पावसाळी प्रदेशांत ही सोय अनमोल. भ्रमणध्वनीनें घरोघरच्या टेलिफोनची मागणी खाऊन टाकली, तेव्हां या केबलचा बाजार बसला. परंतु विजेच्या घरगुती तारा आणि पुढें कांचतंतूची केबल असे दुसरे पाय कंपनीस असल्यामुळें ती उभी राहिली. दुसरी जात पेट्या जोडणारांची. गोव्यांतील वेर्णा येथील औद्योगिक वसाहतींत तैवानच्या डी-लिंकच्या भागीदारींत संगणकजाळ्याचीं उपकरणें तयार होत. पुढें ही भागीदारी विभागली, आणि गोव्याच्या बाजूस राहिलेल्या स्मार्टलिंक कंपनीनें जोडणीच्या साहित्याचा आपला ‘डिजिलिंक’ हा विभाग २०११ मध्यें फ्रान्सच्या श्नायडर इलेक्ट्रिकला विकला. मॉडेम व स्विच जोडणाऱ्या कारखान्यास नवी पिढी आली म्हणून फारसें घाबरावें लागत नाहीं. पेटीचा मेंदु असलेली सिलिकॉनची चिप परदेशांतून येते आणि विचार करण्याचें काम चिपवाल्यानें आधींच केलेलें असतें. कारखाना जुनी चिप काढतो, नवी बसवितो. अशा रीतीनें तो जुळवून घेतो खरा, पण दर पिढीस त्याला तीच विद्या पुन्हां विकत घ्यावी लागते आणि नफ्याचा मोठा घांस चिपवाला नेतो.

कांचेची गोष्ट निराळी आहे, आणि ती जराशी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. १९६६ मध्यें चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनीं असें मांडलें कीं, कांच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशाच्या झोतावरून संदेश दूरवर धाडतां येईल. त्यासाठीं एक किलोमीटर गेल्यावर निदान शंभरावा भाग प्रकाश उरला पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि तेवढीहि त्या वेळच्या कांचेच्या आटोक्याबाहेर होती. १९७० मध्यें अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीनें ती पुरी केली. आजच्या चांगल्या कांचतंतूंत पन्नास किलोमीटर गेल्यावरहि दहावा भाग प्रकाश उरतो. काव यांना २००९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. भारतांत टेलिफोनच्या दोन एक्सचेंजांमधील पहिली कांचतंतूची जोडणी १९७९ मध्यें सुरू झाली ती पुण्यांत. पुढें मराठवाड्यांतच, छत्रपति संभाजीनगर म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादेस, स्टरलाइटच्या कारखान्यांत केंसासारखा हा तंतु ओढला जाऊं लागला. २००० मध्यें हा धंदा मूळ धातूच्या कंपनीपासून निराळा काढण्यांत आला, आणि लगेच पुढच्या वर्षीं जगभरचा कांचतंतूचा बाजार कोसळला. २०१९ मध्यें चीनची मागणी मंदावतांच भाव पुन्हां घसरले.

तरीहि कांच ओढणाऱ्या कारखान्याचें दुःख भावाचें असतें, विद्येचें नसतें. लोहमार्गाचा जो दाखला आरंभीं आला, तो येथें उलटा होतो. हिंगोलीच्या रेल्वेस रुंद व्हावयाचें तर रूळच उखडावे लागले. जमिनींत पुरलेला कांचतंतु मात्र तसाच राहतो. बदलावी लागते ती दोन टोकांची पेटी. सेकंदास अडीच अब्ज संकेत धाडणारी ‘जीपॉन’ पद्धति आणि दहा अब्ज धाडणारी तिची पुढची पिढी या दोन्ही एकाच कांचेंतून एकाच वेळीं जाऊं शकतात, कारण त्यांचे प्रकाश निरनिराळ्या लहरींचे असतात. म्हणून नवा वेग आला कीं कांचवाला निश्चिंत असतो आणि पेटीवाल्याची परीक्षा सुरू होते. मार्कोनी आणि नॉर्टेल हीं दोन्हीं नांवें मुख्यतः पेट्यांची होतीं. कांच शुद्ध करणारी कॉर्निंग २००१ च्या आपत्तींतून जबर मार खाऊनहि वांचली.

हें सारें हिंगोलीच्या ग्रामपंचायतींपर्यंत येऊन पोंचलें तें सरकारी योजनेच्या वाटेनें. ऑक्टोबर २०११ मध्यें केंद्र सरकारनें अडीच लक्ष ग्रामपंचायतींस कांचतंतूनें जोडण्याचें ठरविलें. २०१५ मध्यें त्या योजनेस ‘भारतनेट’ हें नांव मिळालें. पहिल्या एक लक्ष ग्रामपंचायती पुऱ्या होण्यास डिसेंबर २०१७ उजाडला. दुसऱ्या टप्प्यांत महाराष्ट्रानें हें काम ‘महानेट’ या नांवानें स्वतःकडे घेतलें. आरंभीं प्रत्येक ग्रामपंचायतींत बसावयाची जीपॉनची पेटी सी-डॉटच्या आंखणीची होती, आणि कित्तूरच्या वेळेप्रमाणेंच ती आंखणी अनेक कारखान्यांना देण्यांत आली. विजेचा भरंवसा नाहीं हें जाणून सूर्यशक्तीची सोयहि तींत होती. म्हणजे वेगवान ब्रॉडबँडची पेटी भारतीय यंत्रकारास करतां येते कीं नाहीं, या शंकेचें उत्तर एका परीनें मिळालेंच होतें.

पेटी लागली, तरी देशभर अनेक ठिकाणीं जोडणी निपचित पडली. कारण पेटीच्या बाहेर होतें. तालुक्यापासून निघालेली केबल एकामागून एक गांवें घेत सरळ जाई. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्रानें ती एका जागीं तोडली कीं पुढचीं सारीं गांवें अंधारांत. दुरुस्ती कोणी करावयाची हें कंत्राटांत स्पष्ट असलें तरी जागेवर नसे. ऑगस्ट २०२३ मध्यें १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारलेली योजना मंजूर झाली. तींत सरळ रेषेऐवजीं कडें करण्याचें ठरलें, म्हणजे एका बाजूनें तार तुटली तरी दुसऱ्या बाजूनें संदेश यावा. आणि कड्यासाठीं राऊटर हें निराळ्या जातीचें, अधिक शहाणें यंत्र आवश्यक झालें. जीपॉनच्या पेट्या शिकून घेतलेल्या कारखान्यांना येथें पुन्हां पहिल्या पायरीवर उभें राहावें लागलें.

या वळणावर तगून राहिलेला ठळक भारतीय यंत्रकार म्हणजे २००० मध्यें बंगलोरला निघालेली तेजस नेटवर्क्स. तिनें चिप बाहेरून घेतली तरी पेटीचा विचार स्वतः केला. ज्या कामाचा बदल वारंवार होईल तें काम तिनें पुन्हां आंखतां येण्याजोग्या चिपांवर आणि स्वतःच्या आज्ञावलींत ठेवलें. पण तिचीहि नाडी सरकारी मागणीबरोबर वर-खालीं होत असे. २०२१ मध्यें टाटा समूहानें तिची सूत्रें हातीं घेतलीं, आणि सी-डॉट व टाटा कन्सल्टन्सी यांच्याबरोबर भारत संचार निगमच्या चौथ्या पिढीच्या भ्रमणध्वनिजाळ्याचीं यंत्रें पुरविण्याचें मोठें काम तिला मिळालें. सप्टेंबर २०२५ मध्यें त्या जाळ्याचें उद्घाटन झालें. तोंपर्यंत खाजगी कंपन्यांची पांचवी पिढी तीन वर्षांची झाली होती, हेंहि नमूद केलें पाहिजे. मोठ्या घराचा आधार मिळाला म्हणून धांव संपत नाहीं. दमछाक तेवढी लांबणीवर पडते.

दहा अब्ज संकेतांच्या पेट्या खेड्यांत रुळण्यापूर्वींच पन्नास अब्जांच्या पिढीचें मानक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २०२१ मध्यें संमत केलें आहे. वसमतच्या हळदीस २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. ती हळद पिकविणाऱ्याला सांगलीचा भाव पाहण्यास, सातबारा काढण्यास वा मुलीचा प्रवेश-अर्ज भरण्यास पन्नास अब्जांची जरूर नाहीं. त्याला पाहिजे तो साधा, न तुटणारा वेग. परंतु याच जिल्ह्यांत एक गिऱ्हाईक असें येत आहे कीं ज्याची भूक मोठी आहे. औंढा नागनाथ तालुक्यांत गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्यें २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. काटकोनांत चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांतून धांवणारा लेसरचा किरण, असें तिचें स्वरूप आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर टिपली गेली ती अमेरिकेंतील दोन वेधशाळांत, सुमारें सात सहस्रांश सेकंदांच्या अंतरानें. लहर आकाशाच्या कोणत्या बाजूनें आली हें अशा अंतरांवरूनच काढावें लागतें, आणि वेधशाळा जितक्या दूर व जितक्या अधिक, तितकी दिशा नेमकी. ऑगस्ट २०१७ मध्यें दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली तेव्हां इटलींतील तिसऱ्या वेधशाळेच्या नोंदींमुळें आकाशाचा तुकडा लहान झाला, आणि अकरा तासांच्या आंत दुर्बिणींनीं ती आकाशगंगा शोधून काढली. औंढ्याची नोंद उपयोगी पडावयाची तर ती कांहीं मिनिटांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस पोंचली पाहिजे. २०३० च्या सुमारास ही वेधशाळा चालू व्हावी अशी योजना आहे. तिच्याकडे जाणाऱ्या कांचतंतूच्या टोकास जी पेटी बसेल तिची पिढी आजची नसेल. कांच मात्र आज पुरलेलीहि चालेल.